पाटीवर आपले नाव लिहा!

रत्नागिरी शहरातून खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. लांबलचक किनारा, सुरूचे बन आणि कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र ही या गावाची ओळख. या केंद्राच्या एका संकरित नारळाला 'कोकण भाट्ये' असे नावच मिळाले आहे. ज्याने हे गाव कधी पाहिले नाही, तोही रोप मागताना गावाचे नाव घेतो. बाजाराच्या भाषेत यालाच ब्रँड म्हणतात.

नारळाला नाव मिळाले, पण याच किनारपट्टीवर आमसुले, आंबापोळी, कुळथाचे पीठ तयार करणाऱ्या आमच्या माय-भगिनींच्या मालाला नाव आहे काय? तो बिननावाच्या पिशवीत व्यापाऱ्याकडे जातो. त्याच्यावर लेबल व्यापाऱ्याचे लागते आणि नफाही तिथेच राहतो.

हा काही नशिबाचा खेळ नाही. हा खोतीचा मुलूख. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ उजाडले. खोती गेली, पण बागा आणि पेढ्या आमच्या हाती आल्या नाहीत. २०१८ साली रत्नागिरीसह पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा लाभ ज्याची बाग त्यालाच. ज्याला बाग नाही, त्याने आपल्या हातच्या कसबालाच नाव द्यायला हवे.

इथेच जात आडवी येते. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. सल्ला तोच होता, फक्त नाव कळले होते! म्हणूनच आजही आमचा एखादा तरुण दुकानाच्या पाटीवर आडनाव लिहीत नाही, एखाद्या देवाचे नाव लावून मोकळा होतो. त्याची भीती खोटी नाही. परंतु लपवलेल्या नावाची पत कधी वाढत नसते. धंदा वाढतो तो नावावरच.

जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मिरवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. देशभर ओरड झाली, तेव्हा कंपनीला मूळ मान्य करावे लागले. चर्मकारांच्या पिढ्यांची ही कला. तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे नोंदलेले होते, म्हणून बोलायला कागदाचा आधार होता. कागद नसलेल्याची ओरड कोण ऐकतो?

तेव्हा बचत गटांनी आणि छोट्या उद्योजकांनी एवढे करावे. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती आधी करावी. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी घ्यावी. मग गटाचे एक नाव ठरवून त्याचा ट्रेडमार्क नोंदवावा. २०१७ च्या नियमांनी लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला साडेचार हजार रुपये ठरवले. दहा जणींच्या गटात ते माणशी साडेचारशे पडतात, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. लेबलवर वजन, तारीख, किंमत आणि गावाचे नाव स्पष्ट छापावे. पहिल्या पिशवीची चव शंभराव्या पिशवीतही असावी.

पहिले गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. कोकणातल्या गावोगावची आपली माणसे मुंबईत आहेत, त्यांची मंडळे आहेत. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसागर येतो, तिथे पुस्तके हातोहात खपतात. तिथे आपल्या गावचा मालही दिसू द्या. मात्र पाकिटावर बाबासाहेबांचा फोटो छापून कमअस्सल माल खपवू नका. समाज एकदा भावनेपोटी घेईल, दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही, आणि बदनामी साऱ्या समाजाच्या वाट्याला येईल.

स्वाभिमान सभेत जितका बोलला जातो, तितकाच तो दुकानाच्या पाटीवर लिहिला गेला पाहिजे. माल चोख ठेवा आणि पाटीवर आपले नाव ठळक अक्षरात लिहा!