सर्व रोगांवर एकच बाटली!

एका बाटलीत मधुमेह, संधिवात, मूळव्याध, वांझपण, अशक्तता आणि रक्तदोष या सर्वांचा नायनाट करणारा अर्क भरलेला आहे, असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याने एवढेच विचारावे की, असे असेल तर रुग्णालये अद्याप ओस का पडली नाहीत? परंतु हा साधा प्रश्न विचारला जात नाही. आठवडे बाजारातील पथारीवर, बसस्थानकाच्या भिंतीवर, वृत्तपत्राच्या कोपऱ्यात आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर ही बाटली विकली जात आहे. अशा वेळी आपण सुशिक्षित लोक खेड्यापाड्यांतील अडाणीपणास दोष देऊन मोकळे होतो. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. या व्यापाराचा खरा आधार गिऱ्हाइकाचे अज्ञान हा नसून जाहिरात छापणाऱ्याची, माल ठेवणाऱ्याची आणि दावा पुढे पाठविणाऱ्याची, म्हणजे आम्हा शहाण्यासुरत्यांची, बेपर्वाई हा आहे.

हा रोग आजचा नव्हे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत इंग्लंडात तो भरास आला. टॉमस हॉलोवे नावाच्या गृहस्थाने 1837 च्या सुमारास मलम व गोळ्या विकण्यास आरंभ केला आणि जगातील नाना भाषांत जाहिराती देऊन 1883 साली मरेपर्यंत अगणित संपत्ती मिळविली. त्याच्या पैशातून स्त्रियांचे एक मोठे महाविद्यालय उभे राहिले, ही गोष्ट खरी. परंतु गोळ्यांच्या गुणाचा तो पुरावा नव्हे. दुसरे प्रख्यात नाव बीचमचे. त्याच्या गोळ्यांची पेटी एका गिनीच्या मोलाची आहे, अशी ग्वाही भिंतीभिंतींवर असे. 1909 साली ब्रिटिश वैद्यक मंडळाने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यात बीचमच्या गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच निघाले. एक शिलिंग दीड पेनीस विकल्या जाणाऱ्या पेटीतील घटकांची किंमत अर्धा फार्दिंग भरली. आमच्या व्यापारी वाचकांनी हिशेब करावा : एकास शंभराहून अधिक! धान्याच्या वा कापडाच्या व्यापारात एवढा नफा कोणी घेतला, तर त्यास आपण काय म्हणू?

‘पेटंट औषध’ हा शब्ददेखील फसवा आहे. खरे पेटंट घ्यावयाचे तर आपली कृती सरकारदरबारी उघड करावी लागते, आणि नेमकी तीच गोष्ट या मंडळींस नको होती. त्यांनी राखून ठेवले ते नाव, शिक्का आणि बाटलीचा आकार. आतील द्रव्य मात्र गुप्तच राहिले. गुप्ततेचे कारण पुष्कळदा भयंकर असे. मुलांचे रडणे थांबविणाऱ्या अमेरिकेतील एका सुप्रसिद्ध पाकात मॉर्फीन, म्हणजे अफूचेच सत्त्व, असे. मूल शांत होई, कधी कधी ते कायमचे. वृत्तपत्रांनी हे पाप उघडकीस आणल्यावर 1906 साली अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला.

हिंदुस्थानात या व्यापारास टपालाने पाय दिले. 1877 साली व्ही. पी. ची सोय झाली आणि मुंबईस वा परमुलखात बसलेला औषधवाला घरबसल्या खेड्यातील गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागला. लाजेच्या रोगांना तर ही सोय वरदानच वाटली, कारण वैद्यासमोर तोंड दाखवावे लागत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आणि विसाव्याच्या आरंभीची आपली मराठी पत्रे कोणीही चाळून पाहावीत. एका पानावर समाजसुधारणेचा कळकळीचा लेख, आणि पाठीमागच्या पानावर धातुपौष्टिक गोळ्यांचा डांगोरा! लेखाने लोकांचे डोळे उघडावयाचे आणि जाहिरातीने ते मिटावयाचे, असा हा दुहेरी धंदा होता. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ यांत जाहिराती घेण्याचेच नाकारले. तेवढे धैर्य आम्हा बहुतेक पत्रकारांस झाले नाही, हे लाजेने कबूल केले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, “पण आमच्या शेजाऱ्यास गुण आला, त्याचे काय?” या आक्षेपाचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण सर्व फसवणूक याच पायावर उभी आहे. पहिली गोष्ट अशी की, माणसाचे बहुतेक लहानसहान आजार आपोआप बरे होतात, आणि जुने आजार कधी वाढतात, कधी ओसरतात. माणूस औषध घेतो ते दुखणे अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर ते ओसरले म्हणजे श्रेय बाटलीस मिळते. दुसरी गोष्ट, बरा झालेला मनुष्य प्रशस्तिपत्र लिहितो, मेलेला लिहीत नाही. तिसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. पूर्वी अशा औषधांत मद्य व अफू असे. आज सांधेदुखीच्या ‘निव्वळ वनस्पतीजन्य’ म्हणविणाऱ्या कित्येक चूर्णांत तपासणीअंती स्टेरॉइड आणि वेदनाशामके मिसळलेली आढळली आहेत. दोन दिवसांत रोगी चालू लागतो. काही महिन्यांनी हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजते. आणि तोवर विकणारा दुसऱ्या गावच्या बाजारात पोहोचलेला असतो.

मग खरे औषध कोणते आणि खोटे कोणते, हे ओळखावे कसे? याचे उत्तर आपल्या मुंबईच्याच इतिहासात आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत लस तयार केली, ती 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचून घेतलेले व न घेतलेले कैदी यांची तुलना करून तिचा गुण पाहिला. परीक्षा म्हणतात ती हीच : ज्यांनी औषध घेतले त्यांची ज्यांनी घेतले नाही त्यांच्याशी तुलना. पुढे 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल येथे ही लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. चौकशी झाली, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि 1907 साली ते निर्दोष ठरले. खरे औषधही चुकू शकते. पण त्याची चूक मोजली जाते, तिची चौकशी होते आणि कोणास तरी जाब द्यावा लागतो. बाजारातील बाटलीने किती माणसे दगावली, याची नोंद कोणत्या वहीत आहे?

यावरून आम्ही देशी औषधांच्या विरुद्ध आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे फार प्राचीन काळापासून वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम रोग्यांवर मोजून 1949 साली प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाच्या वैद्यकाने तिची दखल घेतली. मुळी तीच, परंतु परीक्षेने तिला प्रतिष्ठा आली. सातपुड्याच्या जंगलातील वैदूंजवळही पारखून घेण्याजोगे ज्ञान असेल. त्याचा खरा शत्रू प्रयोगशाळा नसून त्या ज्ञानाच्या नावावर रंगीत पाणी विकणारा हा आहे.

या सर्व गोष्टी नवापुरात बसून लिहिण्याचे आम्हांस विशेष कारण आहे. आपल्या तालुक्यातील भिल्ल, मावची, कोकणी इत्यादी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. आई व बाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारात एक इतका असतो. जो विकार आईबापांकडून आलेल्या बीजातच आहे, तो कोणत्याही काढ्याने, चूर्णाने वा ताइताने निघून जाणार नाही. अस्थिमज्जारोपणासारखे अवघड उपचार थोड्यांच्याच आवाक्यात आहेत. परंतु म्हणून रोगी निराधार नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने झटके कमी होतात. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, वेळेवर लसी आणि तापात त्वरित उपचार यांनी आयुष्य वाढते. लग्नापूर्वी रक्त तपासून घेतले तर पुढील पिढीचे दुःख टळू शकते. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा हाच रोख असून 2047 पर्यंत या रोगाचे निर्मूलन करण्याचे ध्येय तिने ठेविले आहे.

आता अशा घरात कोणी ‘तीन महिन्यांत सिकलसेल मुळासकट’ असे सांगणारी बाटली नेऊन दिली, म्हणजे काय होते ते पाहा. मजुरीचे पैसे जातात, हे नुकसान लहान. मोठे नुकसान असे की, चालू असलेली गोळी बंद होते, तपासणीस जाणे थांबते, ‘आता रोग गेला’ या समजुतीने लग्ने जुळतात, आणि पुढचा झटका आला म्हणजे मूल रुग्णालयात पोहोचण्यास उशीर होतो. बुडत्यास काडीचा आधार वाटतो, यात बुडत्याचा दोष नाही. पण काडीला नौकेचा भाव लावून ती विकणाऱ्यास काय म्हणावे?

कायदा नाही असेही नाही. 1930 साली नेमलेल्या कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने औषधांच्या बाजारातील अनागोंदी चव्हाट्यावर मांडली, आणि 1940 साली औषधांचा कायदा झाला. 1954 साली औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, अपस्मार, पक्षाघात अशा अनेक रोगांची यादी त्यास जोडलेली असून ते बरे करण्याची जाहिरात करणेच गुन्हा ठरविले आहे. यादीत नसलेल्या रोगांविषयीही औषधाबद्दल खोटा दावा करणे चौथ्या कलमाने निषिद्ध आहे. ताईत, मंत्र व कवच यांचाही त्यात समावेश आहे. वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की, या कायद्याच्या दृष्टीने बाटलीवरील चिठ्ठी, वेष्टन, तोंडी केलेला पुकारा, इतकेच नव्हे तर प्रकाश, आवाज वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही जाहिरातच होय. आणि ती छापणारा हा प्रसिद्धीत भाग घेणाराच समजला जातो. अशी जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याचा हक्क आहे, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1959 मध्येच फेटाळली. 2024 साली एका बड्या औषध कंपनीच्या चालकांस त्याच न्यायालयापुढे उभे राहून वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणे हाही गुन्हा केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडून त्याची किंमत आपल्या प्राणांनी दिली, हे आम्ही विसरता कामा नये.

तथापि कायदा हा पुस्तकात असतो आणि बाटली दुकानात असते. आपल्या रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. बाकावर बसलेला उतारू एका राज्यात आणि त्याची पिशवी दुसऱ्या राज्यात, असा विनोद येथे नित्य चालतो. अशा सरहद्दीच्या गावी माल इकडून तिकडे सरकविणे फेरीवाल्यास किती सोपे जाते, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. 1954 चा कायदा मात्र सरहद्दीच्या दोन्ही अंगांस सारखाच लागू आहे. उणीव आहे ती तक्रार करणाराची.

याच नवापुराने 2006 च्या फेब्रुवारीत बर्ड फ्ल्यूचा तडाखा सोसला. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या, आणि कुक्कुटपालकांनी आपले नुकसान डोळ्यांदेखत पाहिले. ते कडू होते. पण कोणी ‘मंतरलेले दाणे टाकून काम भागेल’ असे म्हणत बसले नाही. कोंबडीच्या रोगाची परीक्षा भोपाळच्या प्रयोगशाळेत, आणि माणसाच्या औषधाची परीक्षा बाटलीवरील ऋषींचे चित्र पाहून, हा कोणता न्याय?

म्हणून आमच्या सूचना थोड्या आणि रोखठोक आहेत. दुकानदारांनी ज्या औषधावर बनविणाराचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी व तारीख नाही, ते दुकानात ठेवू नये आणि बिलाशिवाय विकू नये. छापखानेवाल्यांनी हमखास गुणाची हस्तपत्रके छापण्याचे नाकारावे. वाचकांनी मोबाइलवर आलेला चमत्कारी उपाय पुढे धाडण्यापूर्वी तो डॉक्टरास दाखवावा, आणि फसवणूक दिसताच अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी. वृत्तपत्रांनी, आणि त्यांत आम्ही पहिले, अशा जाहिरातींचा पैसा सोडून द्यावा. त्याने उत्पन्न घटेल, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या पैशासाठी पाड्यावरील एखाद्या आईने आपल्या मुलाची खरी गोळी बंद केली, तो पैसा आमच्या जमाखर्चात कोणत्या सदरात लिहावयाचा, हे आम्हांस ठाऊक नाही. वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास त्याने सांगावे!