दाखला कोणी द्यायचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला आणि १८७२ चा पुरावा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्याच्या कलम ६१ ने संगणकातील नोंदीला कागदी दस्तऐवजाच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. न्यायालयांत दावेही संगणकावरून दाखल होऊ लागले आहेत. या सुधारणांना केवळ त्या नव्या आहेत म्हणून विरोध करावा, असे आम्हांस वाटत नाही. तारखेसाठी तालुक्याला हेलपाटे घालताना ज्याची मजुरी बुडते, त्याला पुढची तारीख घरी बसून कळत असेल तर ते हवेच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. नोंद ज्याच्या ताब्यात आहे तो बलवान आणि तिची गरज ज्याला आहे तो दुबळा, अशा वेळी कायदा कोणाच्या बाजूस उभा राहतो?

संगणकातील नोंदीची प्रत न्यायालयापुढे ठेवायची, तर कलम ६३ प्रमाणे सोबत दाखला लागतो. त्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नोंदीत मागाहून कोणी हात घातला नाही हे पारखता यावे म्हणून ‘हॅश’ नावाचा तिचा अंकाक्षरी ठसाही त्यात लिहावा लागतो. हेतू योग्यच आहे. पण ज्याच्या ताब्यात संगणक आहे त्याने सही करण्यास नकार दिला, तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. तो आपल्या जालन्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे अर्ज मुदत टळल्यानंतर घेतले गेले, अशी कैलास गोरंट्याल यांची तक्रार होती. पुरावा होता निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांतील चित्रीकरणाचा. त्याच्या प्रती मिळाल्या. दाखला मात्र मागण्या करूनही सरकारी अधिकाऱ्यांनी दिला नाही. उच्च न्यायालयाने २०१७ साली निवडणूक रद्द ठरविली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला व दाखला आवश्यकच आहे असा दंडकही घालून दिला. पक्षकाराने शक्य ते सारे केले असूनही दाखला मिळाला नाही, म्हणूनच या प्रकरणी सूट देण्यात आली. दाखला नाकारला गेल्यास न्यायालयाकडून हुकूम आणावा, असा मार्गही न्यायालयाने दाखविला आहे. मार्ग चांगला आहे, पण तो वकिलाच्या दारावरून जातो. माजी आमदाराची जिथे ही गत, तिथे इतरांचे काय?

ऊसतोड मजुराचे उदाहरण घ्या. हंगामापूर्वी घेतलेली उचल तो टनांच्या हिशेबाने फेडतो. ऊस किती तोडला याची नोंद कारखान्याच्या काट्यावर होते आणि तिथून ती संगणकात जाते. उचल मुकादमाच्या वहीत असते. हंगामाच्या अखेरीस ‘अजून इतके अंगावर आहेत’ असे सांगण्यात येते, तेव्हा त्या नवराबायकोच्या हाती, म्हणजे एका कोयत्याच्या हाती, काय असते? कोयताच. काट्याची नोंद त्यांना न्यायालयात न्यायची असेल, तर दाखल्यासाठी त्यांनी जायचे कारखान्याच्या कचेरीत, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्याच दारी! मुदतीच्या कायद्याने मजुरीच्या दाव्याला तीन वर्षे दिली आहेत. तोवर नोंद पुसली जाणार नाही याची हमी कोण देणार?

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली व दख्खनचे दंगे सुरू झाले. कागद सावकाराच्या पेटीत आणि आंगठा कुळाचा, ही त्या संतापाची एक मुळी होती. परक्या सरकारलाही ती ओळखावी लागली. १८७९ च्या कायद्याने कुळाने मागितली नाही तरी पावती देण्याची सक्ती सावकारावर केली आणि वार्षिक हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला दिला. तो कायदा पुरेसा ठरला नाही हे खरे. परंतु नोंद ज्याच्या हाती त्याच्यावर भार, हे तत्त्व त्यात होते. दीडशे वर्षांनंतर स्वतंत्र देशाच्या कायद्यात तेवढेही स्पष्टपणे असू नये?

दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला यातून सुटता येणार नाही. ‘पुरावा’ हा विषय समवर्ती सूचीत आहे. विधिमंडळाने दुरुस्ती करून तिला घटनेच्या कलम २५४ नुसार राष्ट्रपतींची संमती मिळविली, तर ती महाराष्ट्रात लागू होऊ शकते. मालक, कारखाना किंवा सरकारी कचेरी यांच्या संगणकातील आपल्यासंबंधीची नोंद दाखल्यासह ठराविक दिवसांत व विनामूल्य मिळणे हा मजुराचा, कुळाचा, पक्षकाराचा हक्क ठरविला पाहिजे. तज्ज्ञाचा खर्च नोंद बाळगणाऱ्याने सोसावा. दाव्याची मुदत संपेपर्यंत नोंद पुसणे हा गुन्हा ठरावा. पुरावा दडविणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची न्यायालयाला आज मुभा आहे; अशा प्रकरणांत त्या मुभेचे बंधन झाले पाहिजे. आणि ज्याला संगणक हाताळता येत नाही त्याचा मराठीतील कागदी अर्ज कोणत्याही खिडकीवरून परत जाता कामा नये. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ साली ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांतील २,०३८ कोटी जुन्या कागदांच्या प्रतिमा घेण्यासाठी आहेत, तर सामान्य माणसाला हात देणाऱ्या ई-सेवा केंद्रांसाठी ३९४ कोटी. कागदाची काळजी माणसापेक्षा पाचपट झाली आहे!

येत्या अधिवेशनापूर्वी हा प्रश्न आमदारांपुढे मांडावयाचा तर नुसत्या ठरावांनी भागणार नाही. ऊसतोड, यंत्रमाग व बांधकाम क्षेत्रांतील आपल्या कार्यकर्त्यांनी दाखला मागून तो न मिळाल्याची प्रकरणे तालुकावार जमवावीत. मागणी तोंडी करू नये. ती लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि तिची एक प्रत मजुराच्या घरी राहू द्यावी.