संमोहनाआधी निदान

नांदेड-लातूरकडे संमोहन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे रंगमंचावरचे प्रयोग येतात, नाहीतर परीक्षेची भीती घालवणारी शिबिरे. आता नैराश्य, चिंतारोग, व्यसन यांवरही संमोहनाचे उपचार घ्यावेत का, अशी विचारणा होऊ लागली आहे. जरूर घ्यावेत, मात्र मानसोपचारतज्ज्ञाने निदान केल्यानंतर, चालू उपचारांना जोड म्हणून आणि मानसिक आरोग्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडूनच. ही अट कोणत्याही सबबीखाली सैल होता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

संमोहनाला सरसकट बुवाबाजी म्हणणाऱ्यांनी पुरावा पाहावा. १८४५ साली, क्लोरोफॉर्म येण्याआधी, बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जनने रुग्णांना मोहनिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केल्या होत्या. आजच्या उपचारात गूढ काही नसते. रुग्ण खुर्चीत डोळे मिटून बसतो, श्वासावर लक्ष देतो, शरीर सैल सोडतो आणि उपचारकाच्या सूचना ऐकतो. त्याला सगळे ऐकू येत असते, तो झोपलेला नसतो. आयबीएस या पोटाच्या जुनाट दुखण्यात वर्षभर औषधांनी गुण आला नाही तर संमोहनाचा विचार करावा, असे ब्रिटनची ‘नाइस’ ही आरोग्य-मार्गदर्शक संस्था सांगते. जर्मनीत १५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम नैराश्यावर संमोहनोपचार सीबीटी या प्रस्थापित मानसोपचाराच्या तोडीचे ठरले. पण तिथे रुग्णांचे निदान आधीच झालेले होते आणि उपचार देणारे प्रशिक्षित मानसोपचारक होते. चिंतेवरच्या अभ्यासांतही इतर मानसोपचारांसोबत दिलेले संमोहन जास्त उपयोगी पडलेले दिसते. उलट धूम्रपान सोडवण्याबाबत, वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याला ठोस पुरावा सापडला नाही, आणि स्किझोफ्रेनियात तर संमोहनाच्या भरवशावर राहण्याजोगे काहीच हाती नाही.

निदानाचा आग्रह का, हे लातूरच्या शिकवणी वर्गांकडे पाहिले की कळते. नीटच्या तयारीतल्या मुलाची छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, झोप उडते. ही परीक्षेची भीती असू शकते. थायरॉइड वाढल्याचे लक्षणही असू शकते. दुसऱ्या मुलाचे अभ्यासातून मन उडाले असेल, तर तो आळस नसून आत्महत्येच्या विचारांपर्यंत गेलेले नैराश्य असू शकते किंवा बायपोलर आजाराची सुरुवात. अशा मुलाला ‘तुझी एकाग्रता वाढते आहे’ अशा सूचना देत बसणे म्हणजे उपचाराची मोलाची वेळ घालवणे. दुसरा धोका आठवणींचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात आघातोत्तर ताण आणि नैराश्य ठळकपणे आढळले होते. अशा आघाताच्या खुणा उकरताना अननुभवी हाताने दिलेली सूचना नसलेली आठवणही पेरू शकते. संमोहनात आठवलेले अधिक विश्वासार्ह नसते, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ सालीच सांगितले आहे. पूर्वजन्मात नेणारी संमोहनाची सत्रे मला म्हणूनच घातक वाटतात.

यावर मोठा आक्षेप येतो: इकडे तज्ज्ञ आहेतच किती? आक्षेपात तथ्य आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. किनवट किंवा देगलूरच्या माणसाला नांदेड गाठायचे तरी दिवसाची मजुरी बुडते. पण तज्ज्ञ कमी आहेत म्हणून निदानच वगळायचे, हे हृदयरोगात आपण चालवून घेऊ का? २०१५ पासूनच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत आशाताईंनी शेतकरी कुटुंबांत जाऊन नैराश्याची लक्षणे विचारली. पहिली चाळणी गावातच लावता येते, हे त्यातून दिसले. कमतरता आहे ती पुढच्या पायरीवर. तिथे समुपदेशक नेमावेत आणि त्यांना, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, संमोहनाचेही शिक्षण द्यावे. केंद्राने २००३ साली संमोहनाला स्वतंत्र वैद्यकपद्धती न मानता केवळ उपचाराचे एक साधन मानले आणि नोंदणीकृत वैद्यक किंवा ‘योग्य प्रशिक्षित’ व्यक्तींना ते वापरण्याची मुभा दिली. आठवडाभराच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणाराही या ‘योग्य’मध्ये स्वतःला बसवून घेऊ शकतो. राज्याने ही पळवाट आधी बुजवावी.

लोक संमोहनाकडे वळतात ते गोळ्यांच्या भीतीने आणि ‘वेड्यांच्या डॉक्टर’कडे गेल्याची चर्चा नको म्हणून. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा उपचारक दिसला तर तिथूनच परत फिरावे. पैसे भरण्यापूर्वी उपचारकाचे मानसशास्त्रातले किंवा मानसोपचारातले शिक्षण आणि नोंदणी विचारा. विचारल्याचा राग आला तर उत्तर मिळाले असे समजा. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पहिली तपासणी तिथल्या मनोविकार विभागात करून घ्या. तेवढेही जाणे जमत नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.