शुश्रूषेवर कर

काम करणाऱ्या माणसांवर प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याचा हप्ता वा मूल्यवर्धित कर यांचा वाढीव बोजा टाकणार नाही, असे वचन देऊन ब्रिटनमध्ये मजूर पक्ष २०२४ साली सत्तेवर आला. तिजोरीला मात्र पैसा हवा होता. अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी ३० ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात हा पेच सोडवला तो असा की, विम्यातला कामगाराचा हप्ता तसाच ठेवून मालकाचा हप्ता वाढवला. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. वचनातला शब्द राखला गेला. अर्थ कितपत राखला गेला, हे वृद्धांच्या शुश्रूषागृहांत जाऊन पाहावे.

दराची वाढ सर्वांच्या नजरेत भरली. खरी मेख दुसऱ्याच तरतुदीत आहे. पूर्वी वर्षाला ९,१०० पौंडांपर्यंतच्या वेतनावर मालकाला हा हप्ता पडत नसे. ही मर्यादा आता ५,००० पौंडांवर आणली गेली. परिणामी ६०,००० पौंड मिळवणाऱ्या अधिकाऱ्यामागे मालकाचा भार वेतनाच्या सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. आठवड्याला चौदा-एक तास राबून वर्षाला ९,००० पौंड मिळवणाऱ्या बाईमागे जिथे पूर्वी काहीच भरावे लागत नव्हते, तिथे एकदम ६०० पौंड, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून अधिक, भरणे आले. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालणाऱ्या, औषध देणाऱ्या, घास भरवणाऱ्या अनेक सेविका याच दुसऱ्या वर्गातल्या. धनिक मालकावर म्हणून उगारलेला सोटा कोणाच्या पाठीत बसला, हे यावरून उघड व्हावे. छोट्या मालकांना मिळणारी सूट १०,५०० पौंडांपर्यंत वाढवली गेली हे खरे. पण पन्नास-साठ सेविका असलेल्या संस्थेला ती पुरत नाही.

कारखानदार मालाची किंमत वाढवतो किंवा यंत्र आणतो. शुश्रूषेचे यंत्र नाही. तिचा बहुतेक खर्च वेतनाचाच. शिवाय सेवा विकत घेणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्था भावही आपणच ठरवतात. त्याच एप्रिलमध्ये किमान वेतन ताशी ११.४४ वरून १२.२१ पौंड झाले. ती वाढ न्याय्यच होती. पण तिच्या जोडीला कर आला.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. सरकारी आरोग्यसेवेला वाढीव हप्त्याची भरपाई देण्यात आली. शुश्रूषेचे बहुतांश काम करणाऱ्या खाजगी व धर्मादाय संस्थांना ती नाकारली. लॉर्ड्स सभागृहाने सुचवलेली सवलत कॉमन्सने मार्च २०२५ मध्ये फेटाळली. नफील्ड ट्रस्टच्या अंदाजानुसार या करवाढीचा प्रौढांच्या शुश्रूषेवरचा भार सुमारे ९४ कोटी पौंड होता. सरकारने २०२५-२६ साठीच्या ८८ कोटी पौंडांच्या अनुदानाकडे बोट दाखवले. ते स्थानिक संस्थांकडे जाते, त्याला इतरही वाटेकरी आहेत, आणि पदरचे पैसे मोडून शुश्रूषा घेणाऱ्या वृद्धाला त्यातले काहीच मिळत नाही. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार.

या भेदाचे मूळ जुने आहे. ५ जुलै १९४८ रोजी रुग्णालये सर्वांना मोफत झाली. वृद्धांची देखभाल मात्र ऐपत पाहून देण्याची बाब राहिली. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मत्ता असणाऱ्याला सारा खर्च स्वतः करावा लागतो, ही मर्यादा २०१० साली ठरली आणि पुढे महागाई वाढूनही ती हलली नाही. लुईस केसी यांच्या आयोगाचा अंतिम अहवाल २०२८ सालचा. तोवर, बरे होऊनही घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून अडकलेले वृद्ध रुग्णालयांतल्या खाटा अडवून राहतील, आणि जी आरोग्यसेवा सावरण्यासाठी हा कर बसवला, तिलाच त्या खाटांचा खर्च सोसावा लागेल.

सेविका मिळणेही सोपे राहिलेले नाही. २०२२ साली या कामासाठी परदेशीयांना दार उघडले आणि भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून माणसे हजारोंनी गेली. जुलै २०२५ मध्ये नव्या भरतीपुरते ते दार बंद झाले. आता देशातल्याच माणसांना या कामाकडे ओढायचे, तर वेतन वाढवावे लागणार. आणि वाढवलेल्या प्रत्येक पौंडामागे मालकाला सरकारजमा करावे लागतात पंधरा पेन्स.