'पारंपरिक' म्हणजे कोणाची?

आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दळताना ओवी जुळवली ती बाईने. छापताना मात्र तिच्या नावाच्या जागी 'पारंपरिक', आणि मुखपृष्ठावर नाव संग्राहकाचे! 'पारंपरिक' म्हटले की मानधनही वाचते. दळता-कांडता अभंग रचणाऱ्या जनाबाईने त्यात आपले नाव गुंफले, म्हणून ती कवयित्री. बाकीच्या जणी नुसती 'परंपरा'?

मूळ रचणारी सापडत नाही, असे विद्वान म्हणतात. मला ही पळवाट वाटते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारणींच्या नावागावांसह. २०१७ पासून 'परी' संकेतस्थळाने त्या प्रसिद्ध केल्या. एकच ओवी दोघी दोन चालींवर गातात. ती चालही त्यांचीच निर्मिती.

मैत्रिणींनो, ओवी उतरवण्याआधी गाणारीची परवानगी घ्या, तिचे नाव लिहा.