काजू चालतो, बाजरी चालते, मग माणूस का चालत नाही?

कणकवलीच्या आठवडा बाजारात आफ्रिका विकायला बसलेली असते. घाटावरून आलेली बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेची. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, आजच्या मालीच्या आसपास, तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती रानातून शेतात आणली. चवळी, जिच्या एका जातीला गोव्यात अळसांदे म्हणतात, तीही पश्चिम आफ्रिकेचीच. आपल्या वरकस जमिनीत पिकणारी नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातून आली. भाताची खाचरं खोताची आणि डोंगरउताराची नाचणी कुळाची, अशी वाटणी ज्या कोकणात होती, तिथं आपल्या आजी-पणजीची चूल या आफ्रिकन दाण्यावर पेटली.

काजूचंही पाहा. झाड ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं. पण आज भारतातले काजू कारखाने वर्षभर चालतात ते आयवरी कोस्ट, घाना, गिनी-बिसाऊ या देशांतून येणाऱ्या कच्च्या बियांवर. आपल्या जिल्ह्यातल्या बायका जी बी फोडतात, तिच्यातही आफ्रिकेची बी असते. या आयातीमुळे आपल्या बागायतदाराला दर मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर आयात शुल्क आणि हमीभाव अशी धोरणाची भाषा बोलता येते, बोललीच पाहिजे. पण आमचा आजचा मुद्दा वेगळा आहे. ज्या मुलखात आफ्रिकेचा दाणा आणि आफ्रिकेची बी बिनतक्रार घरात येते, तिथं आफ्रिकेचा माणूस हॉटेलात येऊन बसला की आजूबाजूची टेबलं गप्प का होतात?

एक जेवण

कणकवलीत पश्चिम आफ्रिकन जेवण मिळत नाही. दिल्लीत खिडकी एक्स्टेन्शनसारख्या वस्त्यांत, मुंबईच्या उपनगरांत आणि उत्तर गोव्यात नायजेरियन मंडळी आपल्या माणसांसाठी छोट्या खानावळी चालवतात. गेल्या वर्षी एका बैठकीसाठी गोव्यात गेलो असताना आम्ही चौघे कार्यकर्ते अशा एका खानावळीत जेवलो. सहा टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर फुटबॉलची मॅच. मेनूकार्ड नाही, आज काय शिजलंय ते तोंडी सांगतात.

आधी टेबलावर हात धुवायला भांड्यात पाणी आलं, कारण जेवण हातानं. मग फुफू, म्हणजे उकडलेला कंद कुटून केलेला मऊ गोळा. त्याचा घास तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि रश्शात बुडवून गिळायचा. रस्सा एगुसीचा, म्हणजे कलिंगडाच्या जातीतल्या एका फळाच्या बिया वाटून केलेला. त्यात पालेभाजी, वजडी, सुकी मासळी आणि सुक्या कोळंबीची पूड. ती पूड म्हणजे आपल्या जवळ्याची चुलत बहीणच. वास आल्याबरोबर आमच्यातला देवगडचा एक जण म्हणाला, "ह्यो तर आमच्या घरचो वास!" दुसऱ्या ताटात टोमॅटो आणि मिरचीच्या वाटणात शिजवलेला लाल जोलोफ भात. हा भात नायजेरियाचा चांगला की घानाचा, यावर त्या दोन देशांत कायम भांडण असतं. कोंबडी-वडे कुणाकडचे खरे, यावर आपल्याकडे चालतं तसंच.

वजडी, सुकी मासळी, पायाचं मांस, हाडांचा रस्सा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ज्यांनी वाचलं असेल, त्यांना हे ताट लगेच ओळखू येईल. ज्यांना मांसातला चांगला तुकडा कधी मिळाला नाही, त्यांनी उरलेल्यातून जी चव उभी केली, ती दोन्ही खंडांत सापडते. आपल्याकडे मात्र त्या चवीला लपवायला शिकवलं गेलं.

खानावळवाल्यानं आम्हाला एकच प्रश्न विचारला: तिखट किती चालेल? आडनाव विचारलं नाही. "खंयच्या वाडीतले?" असंही विचारलं नाही. तळकोकणात या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ काय असतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

परक्याचं टेबल

यात नवल नाही. या देशात अस्पृश्याला टेबलावर बसून चहा पिता आला तो बऱ्याचदा परक्याच्या हॉटेलात. मुंबईत गिरणगावच्या खानावळी जातीपातीनं आणि गावानं बांधलेल्या होत्या. गिरणीत अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथं तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे. पिण्याच्या पाण्याचे माठही वेगळे. त्याच मुंबईत कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात पैसे मोजणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक होता. इराणी काही समाजसुधारक नव्हता. तो धंदा करायला आला होता आणि इथल्या जातीच्या हिशेबात त्याचं खातं नव्हतं, एवढंच.

पण परका नेहमीच निर्मळ राहतो असंही नाही. पारशीही इराणातूनच आलेले. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि अखेर लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनीच त्यांना तिथून बाहेर काढलं. परक्याच्या टेबलावर सुरुवातीला जात नसते, पण शेजार जातीचा असेल तर ती तिथंही चढते. म्हणून आज जो इथं नवा आहे त्याच्याशी आपण आधी ओळख करून घ्यायला हवी. नाहीतर त्याला आपली ओळख दुसरंच कुणीतरी करून देईल.

सहभोजन आणि हक्क

कोकणात हॉटेलच्या टेबलाचा प्रश्न जुना आहे. रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांनी 'अखिल हिंदू उपहारगृह' काढलं. त्या काळात सर्व जातींना एकत्र चहा पाजणं ही साधी गोष्ट नव्हती, हे मान्य करू. पण पाटीवरची अट वाचा. तिथं बसायला जागा मिळणार ती हिंदू म्हणून. माणूस म्हणून बसायचं असेल तर?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात सहभोजनाची मर्यादा स्पष्ट सांगितली. एकत्र जेवल्यानं जातीची भावना मेली नाही, हा अनुभव त्यांनी मांडला आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरच बोट ठेवलं. मग आफ्रिकन खानावळीत जेवून काय होणार, असा प्रश्न काही मित्र विचारतील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की सहभोजनात एक जण बोलावणारा असतो आणि दुसरा बोलावलेला. तिथं उपकार असतो. बाबासाहेबांनी आपल्याला हॉटेलचा उपकार मिळवून दिला नाही, हक्क मिळवून दिला.

संविधानाचं कलम १५ (२) प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवं. दुकानं, सार्वजनिक उपहारगृहं, हॉटेलं इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणा नागरिकाला अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' म्हणजे काय असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी सांगितलं की हा शब्द व्यापक अर्थानं घ्यायचा, पैसे घेऊन जिथं सेवा दिली जाते ती जागा दुकानच. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. पुढं १९५५ च्या कायद्यानं हॉटेलात प्रवेश नाकारणं आणि तिथली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो इथं चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात जेवणाच्या काउंटरवर बसले आणि त्यांना वाढायला नकार मिळाला. तिथं देशभरासाठी कायदा झाला १९६४ मध्ये. आपल्याकडे हा हक्क २६ जानेवारी १९५० पासून आहे.

आता एक बारकावा. कलम १५ 'नागरिक' म्हणतं. नायजेरियाहून आलेला विद्यार्थी नागरिक नाही. पण कलम १४ आणि २१ 'व्यक्ती' म्हणतात. कायद्यापुढे समानता आणि जीविताचं संरक्षण या देशाच्या भूमीवरच्या प्रत्येक माणसाला आहे, त्याचा पासपोर्ट कुठलाही असो. हा शब्द आपल्या माणसाच्या देखरेखीखाली लिहिला गेला. त्याची राखण आपण नाही करायची तर कुणी?

तोच महामार्ग

कणकवलीच्या डोक्यावरून उड्डाणपूल घेऊन जाणारा मुंबई-गोवा महामार्ग पुढं पर्वरीला जातो. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर गोव्यातल्या पर्रा गावात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला आणि त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हा महामार्ग अडवला. त्यानंतर काय झालं ते आठवा. गोव्याच्या एका मंत्र्यानं नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. 'नायजेरियन नकोत' असे फलक लागले. त्यांना खोल्या भाड्यानं देऊ नका, असं सांगितलं जाऊ लागलं. खून झालेला माणूस बाजूला राहिला आणि त्याची अख्खी जमातच आरोपी झाली. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शनमध्ये एक मंत्री मध्यरात्री आफ्रिकन बायकांच्या घरांवर चालून गेला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. त्याआधी एका बेपत्ता मुलाला नायजेरियनांनीच मारून खाल्लं, अशी अफवा पसरली होती.

"पण ते ड्रग्ज विकतात ना?" हे वाक्य आपल्या मुलांच्या तोंडीही ऐकू येतं. जो विकतो त्याच्यावर कायद्यानं खटला चालवा, शिक्षा करा. पण एका माणसाचा गुन्हा त्याच्या रंगावर लिहायचा, ही पद्धत आपल्याला नवी आहे का? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्याच्या पालावर जातात. जो तर्क पारध्याला चोर म्हणतो, तोच तर्क नायजेरियनाला ड्रग्जवाला म्हणतो. दोन्हीकडे पुरावा लागत नाही, चेहरा पुरतो.

आणि "खोली भाड्यानं नाही" हे वाक्य आपण कुठं ऐकलं आहे? नोकरीसाठी शहरात गेलेल्या प्रत्येक बौद्ध मुलानं ते ऐकलंय. मालक आधी आडनाव विचारतो, मग मांसाहार करता का विचारतो, मग खोली कालच गेलेली असते.

आपली बाजू

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथं न्यायचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा नाव घेतलं ब्लॅक पँथरवरून. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड मारला गेला तेव्हा आपल्या कितीतरी तरुणांनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. हे सगळं अभिमानानं सांगायचं आणि कोकण रेल्वेच्या डब्यात समोर आफ्रिकन विद्यार्थी बसला की त्याला 'कालिया' म्हणून हसायचं, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. अमेरिकेतला काळा माणूस क्रांतिकारक आणि सावंतवाडीला उतरलेला काळा माणूस संशयित, असा भेद भीमाच्या लेकरांनी करू नये.

शेवटी आपल्या ताटाकडे येऊ. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. महामार्गावर 'घरगुती मालवणी जेवण'च्या पाट्याच पाट्या आहेत. त्यातल्या किती पाट्यांवर बौद्ध आडनाव आहे, हे येता-जाता मोजून पाहा. सुकटीची चटणी, नाचणीची भाकरी, वजडी आपल्या बायकांइतकी कोण चांगली करतं? पण हातची चव असून गल्ला हातात नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये पुण्यात स्वयंपाक करणाऱ्या एका बाईनं जात लपवून सोवळं मोडलं, अशी फिर्याद पोलिसांत गेली होती. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेनं शिजवलेलं अन्न सवर्ण मुलांनी नाकारलं. टेबलावर बसण्याचा हक्क आपण मिळवला. चुलीपाशी आणि गल्ल्यावर बसण्याची लढाई अजून बाकी आहे.

तो नायजेरियन माणूस परक्या मुलखात, पोलीस आणि घरमालक दोघांची भीती बाळगून, आपल्याच देशाच्या नावानं आपलीच वजडी विकतो. मग आपण आपल्या जिल्ह्यात का लाजावं? आपल्या बचत गटांनी आणि बेकार तरुणांनी खानावळी काढाव्यात, पाटीवर आपलं आडनाव लिहावं, आत बाबासाहेबांचा फोटो लावावा. गिऱ्हाईक कमी आलं तर आपण जाऊन जेवावं, चार मित्र न्यावेत, तेही पैसे मोजून. ज्यांच्या घराला वरची खोली आहे त्यांनी ती आफ्रिकन विद्यार्थ्यालाही द्यावी, कागदपत्रं पाहून, जशी कुणालाही देतात तशी. आणि आपल्यासमोर कुणी त्याला हबशी, कालिया म्हणालं, तर 'महारडा' ऐकल्यावर जसे उठतो तसेच उठावं.

जय भीम!