प्रथिनाचा चुकलेला पत्ता

एखादे प्रथिन पेशीत नेमके कुठे असते, या प्रश्नाशी सामान्य माणसाला काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘हर-२’पुढे जो आकडा येतो, तो ठरवताना हाच प्रश्न विचारलेला असतो. गाठीच्या पातळ कापावरचा तपकिरी रंग पेशीच्या कडेला, म्हणजे आवरणावर उमटला तरच धरायचा. पेशीच्या आत पसरलेला धरायचा नाही, असा नियम आहे. कारण ट्रॅस्टुझुमॅब हे औषध बाहेरून येऊन आवरणावरच्या प्रथिनालाच चिकटते.

हा रंग ठरावीक प्रथिनापर्यंत पोहोचवते ती अँटीबॉडी. रुग्णालयातल्या अशा तपासण्यांची वेगळी, काटेकोर पडताळणी होते. संशोधनासाठी विकत मिळणाऱ्या अँटीबॉडींचे मात्र तसे नाही. कुपीवर एका प्रथिनाचे नाव असते आणि ती चिकटते भलत्यालाच, असे सर्रास घडते. दोन्ही वेळा सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र तितकेच देखणे दिसते, हीच खरी अडचण.

सी९ओआरएफ७२ या जनुकाची गोष्ट यासाठी बोलकी आहे. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे बहुतेकांना माहीत झालेला एएलएस हा आजार स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. या जनुकातला बिघाड हे त्याच्या आनुवंशिक प्रकारांमागचे एक प्रमुख कारण असल्याचे 2011 मध्ये उघड झाले. साहजिकच त्यापासून बनणारे प्रथिन पेशीत कुठे असते, याचा शोध सुरू झाला.

2019 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील पीटर मॅकफर्सन यांच्या गटाने बाजारातल्या अँटीबॉडी आणून साधी कसोटी लावली. क्रिस्पर तंत्राने पेशीतून ते जनुकच निकामी केले. आता प्रथिन बनणारच नाही; तरीही अँटीबॉडीने खूण दाखवली तर ती खोटी. रिकाम्या घरात माणूस दिसल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवील? या कसोटीत नापास झालेल्या काही अँटीबॉडी बऱ्याच नावाजलेल्या शोधनिबंधांत वापरल्या गेल्या होत्या. पास झालेल्यांनी हे प्रथिन लायसोसोम आणि फॅगोसोम, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्यांवर दाखवले. उपचार शोधणाऱ्यांसाठी हा फरक किरकोळ नाही.

पुढे 2023 मध्ये 65 प्रथिनांसाठीच्या 614 अँटीबॉडी याच पद्धतीने तपासल्या गेल्या. शेकडो अँटीबॉडी कमी पडल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अँटीबॉडींचा उत्पादकांनी फेरविचार केला, काही बाजारातून काढूनही घेतल्या. हे कौतुकाचेच. पण त्यांच्या आधारे छापलेले जुने निबंध आजही वाचले आणि उद्धृत केले जातात.

दुसरे मार्ग आहेत, पण निर्दोष कोणताच नाही. जेलीफिशचे चमकणारे हिरवे प्रथिन, ज्यासाठी 2008 चे नोबेल मिळाले, हव्या त्या प्रथिनाला जोडले की जिवंत पेशीतही त्याचा माग काढता येतो. मात्र या शेपटाच्या वजनानेच कधी ते प्रथिन भलतीकडे जाते. पेशी फोडून, तिचे घटक वेगाने फिरवून वेगळे करणे ही जुनी रीत. लायसोसोमचा शोध त्यातूनच लागला. पण त्यात शेजारच्या घटकांची भेसळ होते. म्हणून दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आले तरच ते मानावे, हे शहाणपण.

त्यात आणखी एक गुंता आहे. ‘ह्युमन प्रोटीन अ‍ॅटलास’ने 2017 मध्ये 12,003 मानवी प्रथिनांचा नकाशा मांडला, तेव्हा त्यातली जवळपास निम्मी एकाहून अधिक ठिकाणी सापडली. म्हणजे अनपेक्षित जागी दिसलेली चमक ही अँटीबॉडीची चूक की प्रथिनाचे खरेच दुसरे घर, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. जनुक निकामी केलेली पेशी शेजारी ठेवावीच लागते. ती तयार करायला वेळ आणि पैसा लागतो. हजारो रुपयांची कुपी कशीबशी मागवणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेला हा भार एकटीने पेलणे कठीण. अनुदान देणाऱ्यांनीच त्याची वेगळी तरतूद केली पाहिजे आणि नियतकालिकांनी त्या पुराव्याशिवाय चित्रे छापू नयेत.